घोडीची खोड

"मन्ही घोडीनी कातडी कोनी सोली? कोनी सोली, सांगा."

बापू अंगणात उभे राहून ओरडत होते. त्या आवाजाने तापीपलीकडच्या केळीत पाणी धरणारा गडी फावडं टाकून पळाला, असं अजून सांगतात. कातडी सोलली म्हटल्यावर गल्लीतली माणसं पोलीस पाटलांनाच घेऊन आली. पाटील येऊन बघतात तर अंगणात घोडी नाही, रक्त नाही, काही नाही. खाटेवर एक पेटी, आणि पेटीपुढे कमरेवर हात ठेवून बापू.

ती पेटी म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. विलायती, जुन्या काळातला, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला. चालू केला की ते व्हॉल्व्ह आधी तांबूस होणार, मग शेंदरी, आणि मगच आवाज. असा अ‍ॅम्प्लिफायर आता सगळ्या देशात शोधून सापडायचा नाही, असं पुढे एका जाणत्या माणसानेच सांगितलं. बापूंना ते आधीपासून ठाऊक होतं. मात्र त्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणणारा माणूस त्यांच्या घरात चहाला मुकायचा. ती घोडी होती.

"बापू, आवाज हळू," त्यांचा मुलगा सुभाष म्हणाला. तो पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या ऑफिसात कामाला, त्यामुळे हळू बोलायची सवय. "पाव्हना येनार शे."

"येऊ दे. पाव्हना येस म्हनीन घोडी सोलतस का?"

"फाटेल व्हती. नवी कातडी लावी दिनी. जत्राले घोडी नेवानी तं सजाडतस, तुम्हीच सांगतस ना."

हे खरं होतं, आणि म्हणूनच बापू जास्त खवळले. जत्रेला घोडी न्यायची तर तिला धुवायची, तेल चोळायचं, शेपटी विंचरायची, पायात घुंगरू बांधायचे, हे बापूंनीच पोराला शिकवलं होतं. पोरानं ते पेटीवर केलं. शहाद्याच्या सोफेवाल्याकडे नेऊन जुनं, चिरकुटलेलं काळं रेक्झिन काढून टाकलं आणि चॉकलेटी रंगाचं नवंकोरं चढवून आणलं. पितळी खिळे मारून. सोफेवाला हौशी निघाला. त्याने पुढच्या बाजूला, जिथून आवाज येतो त्या जाळीच्या कापडावर, स्पंज घालून वर रेक्झिन ताणलं आणि मधोमध बटणं टाकली. पेटी अशी दिसत होती की वाटावं, शहाद्याच्या एखाद्या शेठजींच्या दिवाणखान्यातून सोफ्याचा एक लोड पळून आलाय.

"घोडी ईकू नको म्हनो ना मी तुले?" बापू.

"बापू, रोज झटका देस ती. एक दिवस उभाना उभा लई जाई. माले पेटी नको. माले बाप जित्ता पाहिजे."

पाटील आले तसे गेले.

मी मात्र तिथेच होतो. मी बापूंच्या पार्टीत बँजो वाजवायचो. खानदेशात लग्नाला जो तारांचा, बटणांचा बँजो वाजतो तो. गाव मला मास्तर म्हणायचं, आणि त्या दिवशी संतापात मी बापूंच्याही एक पाऊल पुढे होतो. ज्या जाळीतून माझा सूर निघायचा तिच्यावर एका सोफेवाल्याने बटणं शिवली होती. माझ्या तोंडात बोळा कोंबल्यासारखंच ते.

घोडी आली कशी, ते ऐका. बापू ऐन तरुण असताना वडिलांची पांढरीशुभ्र घोडी विकायला सारंगखेड्याच्या जत्रेत गेले. गहू-केळीचं घर, दारात बैल, दारात गडी, आणि ती घोडी म्हणजे घराचं नाक. जत्रेत एका तंबूत मुंबईचा ऑर्केस्ट्रा उतरला होता. बापूंनी तंबूबाहेरून गिटारचा एक सूर ऐकला आणि (हे बापूंचं म्हणणं) घोडीचे दोन्ही कान एकदम उभे राहिले. घोडीला कळलं ते आपल्याला का कळू नये, म्हणून बापू आत गेले. गिटारवाला ती पेटी वाहून वाहून मेटाकुटीला आला होता, आणि त्याला आयुष्यात एकदा खऱ्या घोडीवर बसायचं होतं. रुमाल टाकला, रुमालाखाली दोघांचे हात गेले, बोटं दाबली गेली. आमच्याकडे घोड्याचा सौदा असाच होतो. तोंडाने एक शब्द नाही. बाहेर उभ्या माणसाला फक्त रुमाल हलताना दिसतो.

सौद्याआधी मात्र खोड सांगायची. हा बापूंचा धर्म होता. "पहिले खोड, मंग मोल." बापू म्हणाले, "घोडी पाण्याला बुजते." गिटारवाला म्हणाला, "पेटीला हात लावलात तर झटका देते." बापू म्हणाले, "चांगली घोडी लाथ मारतेच." सौदा झाला. गिटारवाला घोडीवरून मुंबईला पोचला की वाटेत तापीचं पाणी बघून तिनेच त्याला परत आणला, याबद्दल तीन गावांत तीन मतं आहेत.

बापू पेटी डोक्यावर घेऊन घरी आले. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली आणि नव्या जनावराचा चारा विचारावा तसं विचारलं, "हाई काय खास?"

"लाइट खास," बापू म्हणाले.

"आपला गावमा लाइट ऱ्हास कोठे? उपाशी मरी जाई," म्हातारा म्हणाला आणि आत जाऊन झोपला. पुढे बरेच दिवस तो मुलाशी बोलला नाही, पण संध्याकाळी दिवे गेले की पेटीकडे बघून चुकचुकायचा, असं घरचे सांगतात.

गव्हाच्या, केळीच्या घरातल्या माणसाने बँजो पार्टी काढली म्हणून भावकीने त्यांना काय काय म्हटलं ते लिहिलं तर कागद जळेल. एका चुलत्याने लग्नाची पत्रिकाच धाडली नाही. बापूंनी त्या लग्नाच्या दिवशी आपल्याच ओट्यावर घोडी लावली आणि असा सूर सोडला की मांडवातलं सगळं वऱ्हाड हातात पत्रावळ घेऊन बापूंच्या अंगणात येऊन जेवलं. तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाच्या घाटावर त्या दिवशी भटजींचा संकल्प दोनदा चुकला म्हणतात. घाट आमच्या गावापासून केवढा लांब आहे ते मी सांगणार नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि मग मला राग येईल.

व्हॉल्व्ह तापेपर्यंत बापू कोणाला बोलू द्यायचे नाहीत. वरात थांबायची, नवरदेव खऱ्या घोड्यावर घामाघूम व्हायचा, करवली रडकुंडीला यायची. "घोडी जागी व्हई ऱ्हायनी," बापू तोंडावर बोट ठेवून सांगायचे. व्हॉल्व्ह शेंदरी झाले की ते पेटीच्या पत्र्याला हात लावायचे, सटकन झटका बसायचा, अंगावरचं उपरणं उडायचं, आणि तेव्हा कुठे माझ्याकडे बघून मान हलवायचे. वाजव. त्या झटक्याला ते सलामी म्हणत. सलामी दिल्याशिवाय वाजवलं तर घोडी रुसते, असा त्यांचा सिद्धांत. मी स्वतः कधी हात लावला नाही. मी बँजोवाला, मला घोड्याची हौस नव्हती.

थंडीत तिच्यावर झूल असायची, लाल मखमलीची, आरशांची. ती आधी खऱ्या घोडीची होती. पेटी उचलायची मूठ तुटली तेव्हा बापूंनी जत्रेतून खोगिराचा पट्टा आणून बसवला. एकदा धडगावला लग्नाची सुपारी होती. शहाद्याहून जीपगाडीने निघालो. ड्रायव्हर म्हणाला, पेटी टपावर टाका. बापू म्हणाले, "घोडी कधी टपवर बठस का?" आणि पेटीला खिडकीची जागा दिली. तिच्या शेजारी एक सरकारी साहेब फायली मांडीवर घेऊन बसले होते. घाटात पेटी कलली आणि साहेबांच्या खांद्यावर तिने डोकं टेकवलं. साहेबांनी तिला सरकवली. बापू मागे लटकत होते, तिथून ओरडले, "साहेब, निजेल शे ती. उठाडू नका." साहेबांनी धडगावपर्यंत खांदा हलवला नाही. सरकारी माणसाने लोकांसाठी एवढं केलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आणि खोड सांगणं. बापू ते पेटीपुरतं ठेवायचे नाहीत. सुभाषसाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा चहाचा कप हातात येण्याआधी बापूंनी सुरुवात केली: पोऱ्या घोरतो, भाजीत मीठ कमी असलं की तोंडाने बोलत नाही पण ताट सरकवतो, आणि बापावर गेला नाही. मुलीकडच्यांना वाटलं, यांना सोयरीक मोडायची आहे. मुलगी मात्र पडद्याआडून म्हणाली, "एवढं खरं बोलणारं घर परत मिळणार नाही." तीच आमची सूनबाई.

तर त्या दिवशी पाहुणा आला. पुण्याचे साहेब. सुभाषने मोबाइलवर पेटीचे जुने फोटो टाकले होते, ते बघून ते गाडी घेऊन थेट आमच्या गावात. सभ्य माणूस. चप्पल दारात काढली, बापूंच्या पाया पडले, हातात पांढरे मोजे घातले. मग खाटेवरचा तो सोफ्याचा लोड पाहिला आणि जागच्या जागी बसले.

"मूळ रेक्झिन कुठं आहे?"

"काढलं," सुभाष म्हणाला. "फाटकं होतं."

"फाटकंच हवं होतं हो. त्या काळातलं ते कापड, त्या फाटण्यासकट. फोटोत ते बघूनच मी आलो. कुठं टाकलंत?"

सूनबाई पदर सावरत म्हणाली, "बकरीच्या खोपटावर घातलंय. गळत होतं."

साहेब खोपटापर्यंत धावत गेले. आम्हीही मागे. बकरी खोपटाच्या कडेला मान वर करून उभी होती आणि काळ्या रेक्झिनचा शेवटचा कोपरा तिच्या तोंडात होता. साहेबांनी तो ओढला. बकरीने ओढला. साहेब पुण्याचे होते, बकरी आमची होती. कोपरा बकरीकडे गेला.

मी त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं, आणि तेव्हा मला त्याच्याबद्दल जरा बरं वाटलं. बापूंनाही. ते म्हणाले, "पहा सुभाष. परका मानूसले रडू येस." मग साहेबांना हाताला धरून खाटेशी आणलं, पाणी दिलं, आणि समोर मांडी घालून बसले. "साहेब, आता ऐका. पहिले खोड, मंग मोल."

सुभाषने डोळे मिटले. त्याला पुढचं माहीत होतं.

"हिचा ट्रान्सफॉर्मर एकदा जळला. तो नंदुरबारला विहिरीच्या मोटारींचं वायंडिंग भरणाऱ्याकडून भरून घेतला. तेव्हापासून पावसाळ्यात मोटारीसारखी गुणगुणते. स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्ला. तिथं माझ्या धोतराचा तुकडा बाभळीच्या डिंकाने चिकटवलाय. धोतर लग्नातलं आहे. व्हॉल्व्ह सुरतच्या भंगारातले, एक दुसऱ्याच जातीचा. तो जरा उशिरा जागा होतो. मूठ खोगिराची. आणि हात लावला की लाथ मारते."

एकेका खोडीला साहेबांचा चेहरा एकेक शेर उतरत गेला. "म्हणजे मूळचं काय राहिलं?"

"घोडी," बापू म्हणाले.

"बाबा, या अवस्थेत याला..." साहेब थांबले. ते भले होते म्हणून थांबले. "मी तरीही नेईन. सांगाडा मूळचा आहे, नावाची पट्टी मूळची आहे."

"ऐकल्याबिगर नेऊ नका," बापू म्हणाले, आणि मला खूण केली.

मी तार जोडली. वायर खिडकीतून आत गेली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे गप्प, साहेबही. बापूंनी पत्र्याला हात लावला, झटका बसला, उपरणं उडालं. साहेब एकदम उठले. "अहो, याला अर्थिंग नाहीये. हे जीवघेणं आहे."

"तेच सांगतोय मी केव्हापासून," सुभाष म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा वर चढला होता. "कोणी ऐकतंय का माझं?"

बापूंनी मान हलवली. मी वाजवायला घेतलं, नवरदेव पारावरून उतरतो तेव्हाची चाल. आणि तुम्हाला सांगतो, माझी मान शरमेने खाली गेली. गोधडीखाली तोंड घालून कोणी रडावं तसा आवाज. स्पंज, रेक्झिन, बटणं, आणि त्यांच्या पलीकडे कुठेतरी माझा बँजो. त्या सोफेवाल्याला मी त्या क्षणी ज्या शिव्या दिल्या त्या अहिराणीत होत्या. प्रमाण मराठीत तेवढी ताकद नाही.

बापू उठले, गोठ्यातून विळा आणला आणि पेटीच्या पुढची कातडी वरून खालपर्यंत फाडली. बटणं अंगणात उडाली. स्पंज बाहेर आला. आतलं ते जुनं जाळीचं कापड तसंच होतं. तेवढं सोफेवाल्याने काढलं नव्हतं, आळसाने. खरा कारागीर असता तर तेही गेलं असतं.

मग वाजली. मी अतिशयोक्ती करणारा माणूस आहे, त्यामुळे इथे काही सांगत नाही. एवढंच की बकरी चघळायची थांबली.

चाल संपली तेव्हा साहेब हातातले मोजे काढून बसले होते. "असा आवाज..." ते म्हणाले. "धोतराचा असेल कदाचित." मग बापूंजवळ सरकून म्हणाले, "द्या मला. जिवापलीकडे जपेन."

"साहेब, घोडीवर बसणार का?"

"म्हणजे?"

"वाजाडनार का?"

साहेब हसले. समजूतदार हसले. माझं डोकं गेलं ते त्या हसण्याने. "नाही बाबा. काचेचं कपाट आहे माझ्याकडे, आत थंडावा असतो. अशी वस्तू चालू नाही करायची. चालू केली की झिजते."

"मग मी काय करत होतो आत्ता?" मी म्हणालो. "झिजवत होतो?" आणखीही बरंच म्हणालो. कपाटात ठेवलेल्या घोडीला काय म्हणतात, पुण्यात लग्नं होतात की नाही, त्यांच्या घरी कोणाला कान आहेत की नाही. पाहुण्याला असं बोलू नये हे मला कळतं. बापूंनी मला थांबवलं नाही, आणि ते स्वतः ओरडलेही नाहीत. त्यांनी सुभाषकडे पाहिलं. सुभाष साहेबांकडे बघत होता. पेटी विकायची घाई त्यालाच होती, आणि आता त्याचा चेहरा असा झाला होता की जसं कोणी त्याच्याच बापाला काचेच्या कपाटात ठेवायला निघालंय.

बापूंनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हातावर टाकलं आणि हात पुढे केला. साहेबांनी ओळखलं, हा सौदा. त्यांनी आपला हात पुढे आणला. बापूंनी तो बाजूला सारला आणि उपरणं सुभाषपुढे धरलं.

सुभाषने हात आत घातला. उपरणं हललं. थांबलं. परत हललं. बापूंनी एकदा नकारार्थी मान हलवली, सुभाषने ओठ दाबले, परत बोटं. गुरांच्या बाजारात बसून म्हातारा झालेला माणूससुद्धा सांगू शकला नसता काय चाललंय, आणि मी तर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. शेवटी बापूंनी उपरणं झटकलं. "सौदा झाया."

"किती?" साहेबांनी विचारलं.

"तुमना संगे नही," बापू म्हणाले. "तुम्ही चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी अंगणात अर्थिंगसाठी खड्डा खणला गेला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, वर पाणी, आणि पेटीला तीन पायांची पिन. बापू खड्ड्याच्या कडेला उभे राहून वायरमनला बोलत होते, की तू घोडीचे पाय बांधतोयस, तुझ्या सात पिढ्या खेचरं पाळतील. पण खणू दिलं. त्यानंतर वाजवण्याआधी ते पत्र्याला हात लावत, थोडा वेळ ठेवत, आणि चेहरा पाडत. "आते सलाम बी करत नही," म्हणायचे. जणू पेटीचं वागणं बिघडलं होतं.

आणि दर रविवारी सुभाष पुरुषोत्तमनगरहून येऊन माझ्या बँजोपुढे बसू लागला. भयानक वाजवायचा. त्यापेक्षा ताटकळून ओरडणारा रेडा बरा. मी बापूंना सांगितलं, हे पोरगं या जन्मात शिकणार नाही. बापू म्हणाले, "आधीच खोड सांगी दिन्ही का? मंग बस." उपरण्याखाली काय ठरलं ते मला ना बापाने सांगितलं ना मुलाने. ज्याच्या बँजोवर हे सगळं चाललं त्यालाच नाही. याचा राग मला अजून आहे.

बापू गेले ते पेटीच्या झटक्याने नाही. दुपारी जेवून खाटेवर कलंडले आणि उठले नाहीत. साधं मरण. सुभाषला हवं होतं तसं.

वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. पुढून फाटलेली, बाकी चॉकलेटी अशी ती घोडी कोपऱ्यात, झूल पांघरून. सुभाष सांगायला लागला की पुण्याचे साहेब परत फोनवर होते. आता म्हातारबाबा नाहीत, तर जशी आहे तशी द्या, कातडी नसली तरी चालेल, ट्रान्सफॉर्मर कसाही असला तरी चालेल.

माझं पित्त खवळलं. माणूस जाऊन राख थंड झाली नाही आणि हे कपाट उघडून बसले. मी सुभाषला विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

सुभाष बँजोच्या तारा पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "एक खोड शे म्हनं तिनामा. आजून वाजस."